चार मतं, एक कागद: मतदानाला जाण्याआधी उमेदवारांची टिपणं कशी काढावीत

मुंबई सोडली तर राज्यातल्या महापालिकांच्या निवडणुकीत बहुतेक मतदारांना एकाच वेळी चार मतं द्यायची असतात. 15 जानेवारी 2026 ला 29 महापालिकांसाठी मतदान झालं, तेव्हा एकट्या पुण्यात 41 प्रभागांतून 165 नगरसेवक निवडायचे होते: 40 प्रभागांत चार-चार आणि एका प्रभागात पाच. एका जागेला सात-आठ उमेदवार धरले तरी मतदारासमोर तीसेक नावं येतात. घरातून निघताना पहिल्या मताचं आपलं पक्कं असतं, दुसऱ्याचं बरंचसं ठरलेलं असतं. तिसरं आणि चौथं मत मात्र पॅनेलच्या नावावर, चिन्हाच्या ओळखीवर, नाहीतर ‘मागची रांग खोळंबलीये’ या घाईत दिलं जातं. निवडून आल्यावर मात्र चौघांच्या हातात सारखंच बळ असतं. अंदाजपत्रक मंजूर करताना चौथ्या जागेवरच्या नगरसेवकाचं मत पहिल्याइतकंच मोजलं जातं. म्हणून टिपणं काढायची ती मुख्यतः या तिसऱ्या-चौथ्या मतासाठी.

टिपणं कागदावरच काढा. मतदान केंद्रात मोबाईल वापरता येत नाही, त्यामुळे फोनमध्ये जमवलेली माहिती ऐन वेळी उपयोगाची नसते. मी दोन गोष्टी वेगळ्या ठेवते. एक घरची वही, तिच्यात सगळा तपशील. दुसरी खिशातली चिठ्ठी, तिच्यावर जेमतेम चार ओळी. वहीतलं काम पंधरा दिवसांचं, चिठ्ठीचं पाच मिनिटांचं.

आधी आपली मतं मोजा

कोणत्या निवडणुकीत किती बटणं दाबायची हे आधी कळलं पाहिजे. लोकसभा-विधानसभेला एक मत. मुंबई महापालिकेलाही एकच, कारण तिथे 227 प्रभागांत प्रत्येकी एक जागा आहे. नगरपरिषदेत साधारणपणे प्रभागातले दोन सदस्य आणि थेट निवडला जाणारा नगराध्यक्ष, म्हणजे तीन मतं. जिल्हा परिषदेच्या वेळी गटासाठी एक आणि पंचायत समितीच्या गणासाठी एक. ग्रामपंचायतीत प्रभागातले सदस्य आणि वर थेट सरपंच.

महापालिकेच्या प्रभागात जागांना अ, ब, क, ड अशी अक्षरं असतात आणि प्रत्येक जागेचं आरक्षण वेगळं असतं. वहीत प्रत्येक अक्षराला एक स्वतंत्र पान द्या आणि वर आरक्षण लिहा. ही मांडणी फार महत्त्वाची आहे. लढत ‘प्रभागात’ नसते, जागेत असते. ‘ब’मधला उमेदवार ‘क’मधल्या उमेदवाराविरुद्ध उभा नसतो, तरी प्रचारात दोघांची तुलना सर्रास होते. पानं वेगळी केली की हा गोंधळ आपोआप संपतो.

प्रभागाच्या सीमा बदललेल्या असू शकतात. मागच्या वेळचा प्रभाग क्रमांक गृहीत धरू नका. मतदार यादीत आपलं नाव कुठल्या प्रभागात आहे ते आधी पाहा, मगच उमेदवार शोधायला लागा.

नावांच्या आधी प्रश्न

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची हीच आहे. उमेदवारांची यादी हातात येण्याआधी वहीच्या पहिल्या पानावर तीन-चार प्रश्न लिहा, ज्यांची उत्तरं तुम्हाला प्रत्येकाकडून हवी आहेत. नावं कळल्यानंतर प्रश्न लिहिले तर आपण नकळत आवडत्या माणसाला सोपे पडतील असेच प्रश्न निवडतो.

प्रश्न त्या सभागृहाच्या कक्षेतले असावेत. नगरसेवकाला परराष्ट्र धोरण विचारून काही हाती लागत नाही, आणि खासदाराला गल्लीतल्या कचरापेटीबद्दल विचारणं हेही तसंच. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत शहरी संस्थांसाठी 18 विषय दिले आहेत: पाणीपुरवठा, रस्ते, घनकचरा, झोपडपट्टी सुधारणा, उद्यानं, दिवाबत्ती वगैरे. ग्रामीण संस्थांसाठी अकराव्या अनुसूचीत 29 विषय आहेत. त्यातून तुमच्या घराला रोज भिडणारे निवडा.

आणि प्रश्न असा लिहा, की गोल उत्तर देता येणार नाही. ‘पाण्याचं काय करणार?’ याला कुणीही ‘चोवीस तास पाणी देणार’ म्हणेल. त्याऐवजी ‘आमच्या भागाची साठवण टाकी कुठे रखडली आहे आणि त्यासाठी यंदाच्या अंदाजपत्रकात किती तरतूद आहे?’ असं विचारा. ज्याने महापालिकेचं अंदाजपत्रक उघडून पाहिलं आहे, तो पहिल्या वाक्यातच ओळखू येतो. ‘बघून सांगतो’ म्हणून दोन दिवसांनी खरंच सांगणाराही ओळखू येतो. त्याच्या नावापुढे मी नेहमी खूण करते.

अंतिम यादी कधी मिळते

अर्ज भरणाऱ्यांची यादी मोठी असते. छाननी होते, माघारी होतात, बंडखोरांची समजूत काढली जाते. अर्ज मागे घेण्याची मुदत संपली की खरी यादी आणि चिन्हं ठरतात. 2026 च्या महापालिका निवडणुकीत माघारीचा शेवटचा दिवस 2 जानेवारी होता, चिन्हवाटप 3 तारखेला झालं आणि मतदान 15 ला. म्हणजे मतदाराच्या हातात बाराच दिवस होते. त्याआधी प्रश्न लिहून तयार असतील तर हे दिवस पुरतात. लोकसभा-विधानसभेला माघारी आणि मतदान यांत किमान 14 दिवसांचं अंतर कायद्यानेच ठरवून दिलेलं आहे.

यादी आली की प्रत्येक पानावर उमेदवाराचं पूर्ण नाव लिहा, वडिलांच्या किंवा पतीच्या नावासकट. नामसाधर्म्य असलेले उमेदवार उभे राहणं आपल्याकडे नवीन नाही. चिन्हावरही भिस्त ठेवू नका. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत ‘तुतारी वाजवणारा माणूस’ आणि नुसती ‘तुतारी’ अशी दोन चिन्हं राज्यात काही मतदारसंघांत एकाच यंत्रावर आली होती आणि त्यावरून तक्रारीही झाल्या. नाव, चिन्ह आणि यंत्रावरचा क्रमांक तिन्ही जुळले तरच तो आपला उमेदवार.

शपथपत्र वाचणं

उमेदवारांनी गुन्हे, मालमत्ता आणि शिक्षण जाहीर करायचं, हा मतदाराचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये मान्य केला. संसदेने त्याला मुरड घालणारी तरतूद केली, तीही न्यायालयाने मार्च 2003 मध्ये रद्द केली. शपथपत्रातले रकाने कोरे सोडता येणार नाहीत, असं 2013 मध्ये सांगितलं गेलं. इतक्या लढाईनंतर मिळालेला हा कागद फार थोडे मतदार उघडतात, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

लोकसभा-विधानसभेच्या उमेदवारांचं शपथपत्र म्हणजे नमुना 26. तो भारत निवडणूक आयोगाच्या शपथपत्रांच्या संकेतस्थळावर आणि आयोगाच्या अ‍ॅपवर मिळतो. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स ही संस्था ‘मायनेता’ या संकेतस्थळावर त्याचा सोपा गोषवारा देते. महापालिका, नगरपरिषद, जिल्हा परिषद या निवडणुका मात्र राज्य निवडणूक आयोग घेतो. तिथल्या शपथपत्राचा नमुना वेगळा असतो. तो राज्य आयोगाच्या किंवा त्या महापालिकेच्या संकेतस्थळावर, नाहीतर निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात पाहा. त्यातला गोषवारा मतदान केंद्राबाहेर फलकावर लावण्याची पद्धत महाराष्ट्रात आहे, पण रांगेत उभं राहून तीस जणांचे आकडे वाचणं कुणालाच जमत नाही.

नमुना 26 बराच लांब असतो. वेळ कमी असेल तर शेवटी ‘भाग ब’ असतो तिथून सुरुवात करा, तो आधीच्या सगळ्या माहितीचा सारांश आहे. काही खटकलं तर मागे ‘भाग अ’मध्ये जाऊन तपशील पाहा.

गुन्ह्यांचा रकाना वाचताना नुसता आकडा लिहून घेऊ नका. ‘अकरा गुन्हे’ हे ऐकायला भयंकर वाटतं, पण ते अकराही मोर्चे आणि रास्ता रोकोतले असू शकतात. दुसऱ्या बाजूला एकच गुन्हा असेल आणि तो फसवणुकीचा. म्हणून कलम लिहा. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाल्यामुळे जुने आणि नवे क्रमांक दोन्ही दिसतील. काही ओळखीचे सांगते: फसवणुकीचं जुनं 420 आता 318(4) आहे. खुनाचा प्रयत्न 307 होतं, आता 109. महिलेच्या विनयभंगाचं 354 आता 74, बलात्काराचं 376 आता 64. सरकारी नोकरावर हल्ल्याचं 353 आता 132. सरकारी आदेश मोडल्याचं 188, जे आंदोलकांवर हमखास लागतं, ते आता 223.

कलमानंतर पाहायचं ते प्रकरण कुठवर आलं आहे. नुसती फिर्याद, आरोप निश्चिती आणि दोषसिद्धी या तीन फार वेगळ्या गोष्टी आहेत. फिर्याद कुणावरही दाखल होऊ शकते. आरोप निश्चित होतात तेव्हा न्यायालयाने कागदपत्रं पाहून खटला चालवण्याजोगं काही आहे असं ठरवलेलं असतं. खटल्याचा सीएनआर क्रमांक (न्यायालयात प्रत्येक खटल्याला मिळणारा वेगळा क्रमांक) मिळाला तर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पुढची तारीखसुद्धा दिसते. वहीत मी तीनच शब्दांत लिहिते: ‘420, आरोप निश्चित, 2021’ असं.

विधानसभा-लोकसभेला गुन्हेगारी पार्श्वभूमीचा उमेदवार दिला तर पक्षाने त्यालाच का निवडलं याची कारणं प्रसिद्ध करायची असतात. सर्वोच्च न्यायालयाचा 13 फेब्रुवारी 2020 चा तसा निकाल आहे. ‘निवडून येण्याची क्षमता’ एवढंच कारण चालणार नाही, असंही त्यात म्हटलं आहे. पक्षाने दिलेलं कारण शोधून वाचा. ते वाचून त्या पक्षाबद्दलही टिपण होतं.

मालमत्तेचा आकडाही एकटा फारसं सांगत नाही. वडिलोपार्जित जमिनीचा भाव वाढला की माणूस काही न करता कोट्यधीश होतो. पाहायचं ते असं: स्वतः घेतलेली मालमत्ता किती, ती कोणत्या वर्षी घेतली, आणि त्या वर्षांत दाखवलेलं उत्पन्न किती. नमुना 26 मध्ये पाच वर्षांचं उत्पन्न असतं, जोडीदाराचं आणि अवलंबितांचंही. वर्षाला चार लाख उत्पन्न दाखवणाऱ्याने मधल्या काळात दोन फ्लॅट घेतले असतील तर प्रश्नचिन्ह काढा. आधी निवडणूक लढवलेली असेल तर जुनं शपथपत्र शेजारी ठेवा. ही तुलना जितकं बोलते तितकं कुठलंही भाषण बोलत नाही.

दोन रकाने लोक हमखास ओलांडून जातात: देणी आणि सरकारी कंत्राटं. थकलेली पाणीपट्टी, मालमत्ता कर, सरकारी निवासस्थानाचं भाडं इथे कळतं. महापालिकेच्या ठेक्यात स्वतःचा किंवा भागीदाराचा हितसंबंध असेल तर नगरसेवक म्हणून अपात्र ठरण्याची तरतूद कायद्यात आहे, त्यामुळे व्यवसायाच्या रकान्यात ‘ठेकेदार’, ‘बांधकाम व्यवसाय’ असं दिसलं की तो ठेका कुणाचा, हा प्रश्न थेट उमेदवाराला विचारायला हरकत नाही.

शिक्षणाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: माहिती म्हणून लिहावं, गुण देऊ नयेत. चौथी शिकलेली सदस्य पाण्याच्या प्रश्नावर अधिकाऱ्यांना निरुत्तर करू शकते.

आधी निवडून आलेल्यांचा हिशेब

माजी नगरसेवक निवडणुकीआधी ‘कार्यअहवाल’ वाटतात, गुळगुळीत कागदावर, फोटोंसकट. तो फेकू नका, पेन घेऊन वाचा. प्रत्येक कामापुढे लिहा: कुणाचा निधी? तोच रस्ता नगरसेवकाच्या अहवालात ‘माझ्या प्रयत्नांतून’, आमदाराच्या फलकावर ‘माझ्या निधीतून’ आणि खासदाराच्या पत्रकात तिसऱ्यांदा दिसतो. खासदारांना वर्षाला 5 कोटी रुपयांच्या कामांची शिफारस करता येते आणि त्या कामांची यादी सरकारी संकेतस्थळावर असते, तिथे पडताळा घेता येतो.

सभागृहातली हजेरी आणि विचारलेले प्रश्न सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्तात असतात. ते संकेतस्थळावर नसलं तर माहिती अधिकारात 10 रुपये शुल्क भरून मागता येतं. उत्तर द्यायला 30 दिवसांची मुदत आहे, तेव्हा हा अर्ज निवडणूक जाहीर व्हायच्या बराच आधी गेला पाहिजे. मुंबई, पुणे, नागपूरसह अनेक महापालिकांत 2022 पासून 2026 च्या निवडणुकीपर्यंत नगरसेवकांऐवजी प्रशासक होते. त्या काळातल्या कामांचं श्रेय कुणी माजी नगरसेवक घेत असेल तर कामाची तारीख विचारा.

खासदारांची हजेरी आणि प्रश्न संसदेच्या संकेतस्थळावर आणि पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या अभ्यास संस्थेच्या पानांवर सहज मिळतात, तिथे फार वेळ जात नाही.

उमेदवाराशी बोला, उमेदवाराशीच

प्रचारफेरी दारात येते तेव्हा वही हातात ठेवा. तीन प्रश्न, तीन मिनिटं. उत्तर त्याच्याच शब्दांत, तारखेसह टिपा.

आपल्याकडे स्थानिक संस्थांत 2011 पासून निम्म्या जागा महिलांसाठी आहेत. तरीही पत्रकावरचा फोन पतीचा, उत्तरं देणारा दीर, आणि उमेदवार बाई मागे हात जोडून उभ्या, हे चित्र अजून दिसतं. अशा वेळी नम्रपणे सांगा, ‘ताई, मला तुमच्याकडूनच ऐकायचंय.’ अनेकदा बाई नीट, मुद्द्याचं बोलतात. त्यांना आजवर कुणी विचारलेलंच नसतं. त्या बोलल्या तर त्यांचं उत्तर लिहा. बोलू दिलं गेलं नाही, तर तेही लिहा.

वहीत उजवीकडे एक अरुंद रकाना आखा: ‘कुठून कळलं’. शपथपत्र, इतिवृत्त, स्वतः ऐकलं, वर्तमानपत्र, व्हॉट्सअ‍ॅप. शेवटच्या दोन दिवसांत जाहीर प्रचार थांबतो आणि फॉरवर्ड वाढतात. बनावट आवाज आणि व्हिडिओ आता कुणीही बनवू शकतं. ज्या नोंदीपुढे फक्त ‘व्हॉट्सअ‍ॅप’ आहे आणि दुसरीकडे कुठे दुजोरा नाही, ती मी निर्णयाच्या वेळी खोडून टाकते, माझ्या बाजूची असली तरी.

निर्णय आणि चिठ्ठी

मतदानाच्या आदल्या संध्याकाळी वही घेऊन बसा. एकेक अक्षर घ्या, आणि मुद्दाम ‘ड’पासून सुरुवात करा, कारण ‘अ’वर शक्ती संपवून ‘ड’ला येताना डोकं थकलेलं असतं. चारही मतं एकाच पक्षाला द्यायलाच हवीत असा नियम नाही. द्यायची नाहीत असाही नाही. प्रत्येक जागेचं मत वेगळं आहे, एवढंच.

एखाद्या जागेला कुणीच पटत नसेल तर त्या जागेपुरता नोटा आहे. विधानसभा-लोकसभेला नोटाने निकाल बदलत नाही. महाराष्ट्रातल्या स्थानिक निवडणुकांत मात्र राज्य निवडणूक आयोगाने 2018 मध्ये आदेश काढला, की नोटाला सर्वाधिक मतं पडली तर त्या जागेची निवडणूक पुन्हा घ्यायची.

आता चिठ्ठी. कोरा पांढरा कागद, हाताएवढा. त्यावर पक्षाचं नाव नको, चिन्ह नको, उमेदवाराचं नावही नको. केंद्रापासून 100 मीटरच्या आत प्रचाराला आणि निवडणुकीसंबंधी खुणा मिरवायला बंदी आहे, आणि पक्षाच्या टेबलावर मिळणारी चिन्हांची नमुना मतपत्रिका घेऊन आत गेलं तर अडचण होऊ शकते. फक्त अक्षर आणि क्रमांक लिहा:

अ – 3
ब – 5
क – 2
ड – नोटा

दुसऱ्या कुणाला याचा अर्थ लागणार नाही, तुम्हाला लागेल. रांगेत ती एक-दोनदा वाचा, पाठ करा आणि खिशात ठेवा. आत हातात धरून उभं राहायची गरज पडू नये. कुणी कर्मचाऱ्याने हरकत घेतली तर वाद न घालता आत ठेवा.

यंत्रासमोर

महापालिकेत प्रत्येक जागेच्या मतपत्रिकेचा रंग वेगळा असतो: ‘अ’ पांढरा, ‘ब’ फिकट गुलाबी, ‘क’ फिकट पिवळा, ‘ड’ फिकट निळा. चार जागांना चार यंत्रं असतीलच असं नाही. उमेदवार कमी असले तर एकाच यंत्रावर दोन जागांची नावं येतात. म्हणून आधी अक्षर आणि रंग पाहा, मग क्रमांक, मग नाव वाचा, मगच बटण दाबा. चारही जागांवर बटण दाबल्याशिवाय मतदान पूर्ण झाल्याचा लांब आवाज येत नाही. तीन दाबून निघालात तर कर्मचारी परत बोलावतील. 2026 च्या या निवडणुकीत व्हीव्हीपॅट नव्हतं, त्यामुळे बटण दाबल्यावर पडताळायला चिठ्ठी दिसत नव्हती. जे वाचायचं ते आधीच.

घरात वृद्ध आई-वडील असतील तर त्यांची चिठ्ठी मोठ्या अक्षरांत त्यांना त्यांच्या हातानेच लिहू द्या. वही त्यांना वाचून दाखवा, सगळ्या उमेदवारांची, आणि मग गप्प बसा. आपल्या हातची तयार चिठ्ठी त्यांच्या खिशात सरकवणं ही मदत नाही. चष्मा मात्र आठवणीने घ्यायला लावा, क्रमांक बारीक असतात.

घरी आल्यावर चिठ्ठी फाडून टाका. वही ठेवा. निकाल लागेल त्या संध्याकाळी प्रत्येक पानाखाली निवडून आलेल्याचं नाव आणि त्याने दारात दिलेलं उत्तर तारखेसह पुन्हा लिहा, आणि सहा महिन्यांनंतरची एक तारीख टाका. त्या दिवशी सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त मागवायचं आहे.